पहिल्या हाकेला ओ

नाशिकवाल्यांनी आपल्या द्राक्षांचं खुशाल कौतुक करावं, आमच्या मुकुटबनच्या जंगलात मोह आहे. चैत्रात फुलं गळायला लागली की वारासुद्धा झिंगल्यासारखा चालतो. तिथल्या जुन्या साहेबी बंगल्याचं आता हॉटेल झालंय. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकाने, नयनने, आम्हा दोघांना तिथे धाडलं.

"मजा करा," म्हणाला. मजा म्हणजे मी बोलायचं आणि आमच्या ह्यांनी, म्हणजे गावाच्या नानाजींनी, ऐकायचं. लकवा मारल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द नाही. आधी दिवसभर "मास्तरीणबाई, मास्तरीणबाई" करून नुसतं डोकं उठवायचे. तीच कटकट परत मिळावी म्हणून मी, विज्ञानाची बाई, देवाला नवस बोलून बसले होते.

बंगला मात्र झकास. उंच छत, सागाचे पलंग, गार फरशी. स्वयंपाक करणाऱ्या पंचफुलाने मोहाच्या पुऱ्या वाढल्या आणि वाढता वाढता म्हणाली, "बाई, इथं कोनी हाक मारली त पयल्या हाकेले ओ देऊ नका."

"काहून?"

"मानूस असंन त तीनदा मारते."

"मग वर्गात माझी हजेरी दुपारपर्यंत चालली असती," मी म्हटलं. हे पोट धरून हसले, पण आवाजाशिवाय.

सकाळी मी झाडाखाली फुलं वेचत होते. हे समोर व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत.

"मास्तरीणबाई."

ह्यांचाच आवाज, तोच हेल. "ओ," माझ्या तोंडून निघूनही गेलं. चाळीस वर्षांची सवय.

वळून पाहिलं तर ह्यांचे ओठ मिटलेले. हाक बंगल्याच्या मागून आली होती. धावत गेले. चटईवर मोहफुलं वाळत होती, बाकी चिटपाखरू नव्हतं.

परत आले तेव्हा हे ओठ जुळवत होते. "मा," म्हणाले. "मा."

मी रडले, हसले, ह्यांचा गाल ओढला. माझ्याइतकी सुखी बाई त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

दुपारी पुन्हा मागून हाक आली, मी पुन्हा ओ दिली. ह्यांना "मास्तरी" जमलं. माझा घसा जरा बसला. फुलांच्या वासाने बसला असेल, म्हटलं.

पंचफुलाने हळदीचं दूध आणलं. "ओ देल्ली ना, बाई?"

"देल्ली. अन् पुन्हा देईन."

संध्याकाळी मी स्वतःच मागच्या दारी जाऊन बसले. हाकेची वाट बघत. आली. दिली.

निघायच्या सकाळी ह्यांनी चहा मागितला, साखर कमी म्हणून तक्रार केली, ड्रायव्हरला दोन टोमणे मारले. मी खुणेनेच उत्तरं देत हसत होते, घशात नुसती खरखर होती.

गाडी फाटकाबाहेर पडली.

"मास्तरीणबाई," हे खणखणीत म्हणाले, "पुढल्या सालीबी इथंच येऊ."

काय आनंद झाला म्हणून सांगू.

मी तोंड उघडलं.

"ओ," मागून, बंगल्यातून, माझा आवाज आला.

हे वळले, आणि बंगल्याकडे बघत पुढचं बोलू लागले.