अज्ञात ओळीतल्या एकोणीस नोंदी

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, यातलं एक अक्षर खोटं नाही. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मंगळवार होता, दुपारचे साडेचार वाजलेले. ऑफिसात दिवे, माणसं, सगळं जिथल्या तिथे.

माझं काम डेटा वेअरहाऊसचं. म्हणजे कंपनीच्या दहा ठिकाणची माहिती एका जागी आणायची, नीट लावायची आणि वरच्यांना आलेख करून दाखवायची. आमच्या इमारतीत प्रत्येक दार कार्डाने उघडतं. कोण कुठून आत गेलं, कधी बाहेर आलं, ती नोंद मिनिटाभरात माझ्याकडे येते. ज्या नोंदीचा माणूस सापडत नाही, तिच्यासाठी एक वेगळी ओळ असते. 'अज्ञात'.

त्या ओळीत एकोणीस नोंदी होत्या. सगळ्या तळघराच्या दाराच्या. रोज एक, चार वाजून दहा मिनिटांनी. आत गेल्याची.

बाहेर आल्याची... एकही नाही.

"ते लाल काय दिसतंय?" आमचे साहेब मागे येऊन उभे. स्क्रीनवर लाल दिसलं की यांना घाम फुटतो, म्हणून आम्ही त्यांना हिरवेसाहेब म्हणतो. "उद्या मीटिंग आहे. मला अज्ञात-बिज्ञात नकोय."

"सर, तळघर तर कायम बंद असतं. आधी बघायला हवं ना, कोण जातंय..."

"नंतर बघा. आत्ता टाका कुणाच्या तरी नावावर."

आणि मी टाकल्या. माझ्याच कार्डाच्या नंबरावर. नवीन येतील त्याही तिकडेच वळवल्या. तात्पुरतं म्हणून. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

बुधवारी चार दहाला मी जागेवरच होते. माझ्या नावापुढे नोंद उमटली.

तळघर. बाहेर.

एकोणीस दिवसांत पहिल्यांदा... बाहेर.

मी गळ्यातलं कार्ड चाचपलं. ते गळ्यातच होतं.

मग नोंद आली जिन्याच्या दाराची. मग पहिल्या मजल्याची.

"अगं, पांढरीफटक पडलीयस," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

पाळणाघर. आत.

माझी ठकी तिथे होती. साडेतीन वर्षांची. ते दार फक्त आईबापांच्या कार्डाने उघडतं.

तिसऱ्या मजल्यावरून मी कशी धावले, आठवत नाही. जिन्यात एक चप्पल सुटली. काचेच्या दाराला कार्ड लावलं.

लाल दिवा.

पुन्हा लावलं... लाल.

शेवटी मी काच बडवली. आतल्या मावशींनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"आता काय राहिलं? आत्ताच तर येऊन गेलात. तिला बूट घातलेत, म्हणालात..." त्या थांबल्या. "नाही. बोलला काहीच नाहीत तुम्ही."

ठकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पायात बूट. नाड्यांना गाठीवर गाठ, गाठीवर गाठ... मला त्या कात्रीने कापाव्या लागल्या.

"बूट कुणी घातले गं?"

"आईने."

"मी कुठे आले होते, राणी?"

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तू नाही."

तिला कडेवर घेऊनच मी वर गेले. तळघराच्या नोंदी माझ्या नंबरावरून काढल्या, परत 'अज्ञात'मध्ये टाकल्या, सगळी माहिती नव्याने भरली. मैत्रिणीने तपासलं. चूक कुठेच नव्हती.

तळघराच्या नोंदी माझ्याच नावावर राहिल्या.

आणि 'अज्ञात' ओळीत... सकाळी नऊ, मुख्य दार. एक वाजता, कँटीन. सहा वाजता, मुख्य दार, बाहेर.

माझ्या नोंदी. आठ वर्षांच्या. सगळ्या.

मी त्याच दिवशी राजीनामा दिला. हिरवेसाहेब म्हणाले, "सगळं हिरवं तर आहे. मग बिनसलं कुठे?"

आता आम्ही दुसरीकडे राहतो. दाराला साधं कुलूप आहे. ठकी खाते, खेळते, हसते. डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे.

फक्त रस्त्याने जाताना तिचा एक हात माझ्या हातात असतो, आणि दुसरा... दुसरा ती तेवढाच वर धरते, कुणीतरी बोट दिल्यासारखा. मी बाजू बदलली, की ती हात बदलते.

मी अजून तिला काही विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची माझी छाती नाही.