ताडपत्रीखालची फियाट

पंखा जरा माह्याकडं फिरवा, मग सांगतो. मधात हसू आलं तर खुशाल हसा, मले राग नाही. आमच्या गल्लीत माहं बोलणं कोणी खरं धरतच नाही, तुम्ही तरी कायले धराल? लग्नाच्या मांडवात वऱ्हाड्यांच्या चपला अदलाबदल करणारा माणूस मी. शाळा पाचवीत सुटली. मास्तरच्या खुर्चीले खाजकुइली लावलती, मास्तर वर्गातून पळाले ते सरळ हेडमास्तरच्या खोलीत, आणि मी तिथून सरळ घरी.

तर अशा माणसाच्या तोंडून भुताची गोष्ट. अन् तीही रात्रीची नाही. मे महिन्यातली, यवतमाळच्या भर दुपारची, जेव्हा कुत्रंसुद्धा नालीत पोट टेकून पडलेलं असते.

आमच्या शेजारी मधुसूदनचं घर. कचेरीत बाबू, कपड्याची घडी मोडू न देणारा माणूस. त्याच्याकडं जुनी फियाट होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची. पोरापेक्षा जास्त लाड त्या गाडीचे. काटा चाळीसच्या वर गेला की त्याले स्वतःलेच ताप चढायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळताना इंडिकेटर द्यायचा. मी म्हणायचो, "मधू, कोणाले दाखवतोस बे? बाभळीले?" तो म्हणायचा, "भगवानराव, सवय ती सवय." एकाच गोष्टीची त्याची तक्रार. डायलमध्ये उजेड नाही. "काडीपेटीची काडी पेटवल्यावानी उजेड आहे हा. रिटायर झालो की चांगले दिवे बसवतो," असं तो दर दिवाळीले म्हणायचा.

रिटायर व्हायच्या आधीच गेला. गेला म्हणजे कुठं गेला, तेच तर कोणाले माहीत नाही. चैत्रात कचेरीच्या कामानं वणीले गेलता, रात्री घरी यायचा होता. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली केळापूरच्या अलीकडं, पळसाच्या रानाजवळ, रस्त्याच्या कडेले नीट उभी. चावी जागेवर, डबा सीटवर, बॅटरी उतरलेली. माणूस नाही. पोलिसांनी रान पालथं घातलं, विहिरी पाहिल्या. चप्पलसुद्धा सापडली नाही.

गाडी ओढून आणली अन् अंगणात लिंबाखाली ताडपत्रीनं झाकून ठेवली. चाकं विटांवर चढवली. पेट्रोलची टाकी सडली म्हणून काढून टाकली. मधूच्या बायकोनं, मंजुषावहिनीनं, मात्र फाटकाले कडी लावणं सोडलं. एक तप झालं, ते फाटक रात्रंदिवस उघडं. रस्त्यानं मोटार गेली की वहिनीचा हात भाकरीवरच थांबायचा. मोटार पुढं निघून गेली की मग भाकरी उलटायची, तोवर ती जळलेली असायची. त्या घरी जेवायले बसलो की मी जळक्या भाकरीची थट्टा नाही केली कधी. एवढीच एक थट्टा मी सोडलेली आहे.

त्यांचा पोरगा अनिमेष नागपूरले नोकरीले. गेल्या उन्हाळ्यात तो सुटी घेऊन आला, अन् आल्या आल्या आईपुढं विषय काढला. सापडत नाही त्या माणसाची एक तप वाट पाहतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याले अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याले. भाऊबंद मागं लागले होते. पण अनिमेषले भाऊबंदांची पडली नव्हती. मले ओट्यावर येऊन म्हणाला, "काका, आई झोपत नाही हो. कानच फाटकाले टांगलेला आहे तिचा. ती अशीच वाट पाहत मरंल."

वहिनी काही ऐकेना. "मेलेलं कोणी पाहिलं त्यांना? जिवंत माणसाला जाळू मी?"

शेवटी तिनंच एक दिवस सांगितलं, "त्यांच्या गाडीत एकदा बसव मला. त्यांना पाहिजे होते तसे दिवे लावून. मग सांगते, हो का नाही ते."

म्हणून अनिमेषनं ते एलईडी दिवे मागवले. हरभऱ्याच्या दाण्याएवढे. नवीन बॅटरी आणली, अन् मले हाक मारली, "काका, टॉर्च धरायले या."

ताडपत्री काढायची नाही असं ठरलं. उन्हात डायलचा उजेड दिसणार कसा? बाजूनं दोरी सैल करून आम्ही आत घुसलो. बाहेर डोळे फुटतील असं ऊन, अन् आत काळोख. तापलेल्या रेक्झिनचा, उंदराच्या लेंड्यांचा, जुन्या रबराचा वास. घाम डोळ्यात उतरून राह्यला होता. फियाटीची समोरची सीट म्हणजे सलग बाकडंच. डावीकडं वहिनी बसली, नेहमी बसायची तिथं. मधात अनिमेष. मी मागं, वहिनीच्या पाठीमागं. स्टेअरिंगपुढची जागा रिकामी. तिथं कोणी बसायचं नाही, असं वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

अनिमेष वाकून डायलच्या मागं हात घालून एकेक जुना बल्ब काढू लागला. काळे पडलेले, माशीच्या डोळ्यावानी. नवीन बसवले, बटन ओढलं. काहीच नाही.

"फुसके आले काय रे?" मी म्हटलं.

"उलटे लागले असतील. याले प्लस-मायनस असते काका, उलटं लावलं की पेटत नाही."

"माह्या लग्नासारखंच हाये मंग."

वहिनी हसली. खरंच हसली. मले जोर आला. खांद्यावरचा पंचा मी येताना माठात बुडवून आणलता, त्याचं थंडगार टोक हळूच अनिमेषच्या मानेले लावलं. पोरगं असं किंचाळलं की डोकं छताले आपटलं! मी खिदळलो, वहिनी म्हणे, "भाऊजी, म्हातारे झालात, आता तरी पुरे करा!" अन् तिघंही हसत असताना अनिमेषनं शेवटचा दिवा फिरवून बसवला.

उजेड झाला.

काय सांगू कसा. पौर्णिमेचं चांदणं कोणी वाटीत भरून डायलमध्ये ओतलं असं वाटलं. आकडे एकेक करून उभे राह्यले. वहिनीचा चेहरा उजळला, कुंकू काळं दिसू लागलं.

मग अनिमेष हळूच म्हणाला, "पेट्रोलचा काटा..."

काटा वर चढून राह्यला होता. टाकीच नाही त्या गाडीत. काटा अर्ध्यावर आला, अन् थांबला.

"कुठं तरी तार टेकली असंल," पोरगं म्हणालं. मग मागं वळून, "काका, तुम्ही काही केलं का?"

"आईची आन, नाही."

जन्मात पहिल्यांदा धडधडीत खरं बोललो, अन् त्याच्या डोळ्यात दिसलं की त्याले पटलं नाही.

तेवढ्यात वेगाचा काटा हलला. आता हे ध्यानात घ्या, त्या काट्याले विजेशी काही घेणं नाही. गिअरबॉक्सातून एक तार येते, चाक फिरलं की ती फिरते, तेव्हा काटा हलते. चाकं विटांवर. गाडीले हादरा नाही, आवाज नाही. अन् काटा निघाला. दहा. वीस. सावकाश, घाई नसलेल्या माणसावानी. तीस. चाळीसवर येऊन टेकला, अन् तिथंच राह्यला.

अनिमेषचा हात बटनाकडं गेला. वहिनीनं तो धरला. "राहू दे," एवढंच म्हणाली.

काचेपुढं ताडपत्री होती, वीतभर अंतरावर. तिची वीण मले दिसत होती. पाहता पाहता वीण पुसली गेली. तो काळोख मागं मागं सरकला, खोल झाला. विहिरीत वाकून पाहावं तसा, पण विहीर आडवी घातलेली. अन् त्या खोलातून वारा आला. गार वारा! मे महिन्यात, बंद ताडपत्रीत! मोहाची फुलं गळतात त्या दिवसांतल्या रात्रीचा गोड, जड वास घेऊन. माह्या अंगावरचा घाम जागच्या जागी थंड झाला. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त, देवळात घंटा वाजून थांबल्यावर जसं वाटते ना, तसं वाटलं. हात आपोआप जोडले गेले माहे.

वहिनी रिकाम्या जागेकडं वळली. काही झालंच नाही अशा आवाजात तिनं विचारलं,

"जेवलात का?"

काटा थरथरला. चाळीसवरच, पण थरथरला.

"डबा तसाच परत आला होता," ती म्हणाली. "...थकले असाल. किती वेळ चालवाल? थांबा आता. कुठं थांबायचं तिथं थांबा. मी नाही रागावणार."

टिक... टिक... टिक...

इंडिकेटर. डावा. डायलमध्ये हिरवा ठिपका लागत होता, विझत होता. त्या अंधाऱ्या, रिकाम्या, कुठंच नसलेल्या रस्त्यावर तो माणूस इंडिकेटर देऊन राह्यला होता. अनिमेष एवढा मोठा पोरगा, त्यानं तोंडात मूठ घातली.

काटा उतरला. तीस, वीस, दहा. शून्य. हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज आला. मग स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, ताडपत्री बाहेर फुगली, खालून उन्हाची एक पट्टी आत आली. दार लागलं. मधू लावायचा तसंच, हळू, दोन्ही हातांनी दाबून. पट्टी विझली.

"उतरले," वहिनी म्हणाली. "बाई गं... इतकी वर्षं चालवतच होते रे ते."

अन् ती रडली. अनिमेष तिले बिलगला. दोघांची तोंडं एकमेकांच्या खांद्यावर, डोळे मिटलेले.

म्हणून पुढचं फक्त मीच पाह्यलं.

माह्या उजव्या हाताले, मधूच्या जागेच्या बरोब्बर मागं, सीटच्या स्प्रिंगा कुईं करून वाजल्या. बसलेलं माणूस उठलं की वाजतात तशा. त्या बाजूचं रेक्झिन दबलेलं होतं, ते माह्या डोळ्यादेखत सावकाश वर आलं. मागच्या दाराची मूठ आतून फिरली. दार उघडलं. ताडपत्री फुगली. अन् हे दार हळू नाही लागलं. आपटलं.

अनिमेष दचकून म्हणाला, "काय झालं?"

वहिनी माह्याकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या तपात एकदाही पाह्यलं नव्हतं. झोप आलेल्या लेकरासारखा चेहरा.

"मीच," मी म्हटलं. "गर्मी होऊन राह्यली. दार उघडून पाह्यलं."

त्या संध्याकाळी वहिनीनं फाटकाले कडी लावली, अन् पोराले सांगितलं, "कर तुझा विधी." नदीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा जळाला तेव्हा ती शांत उभी होती. मी ज्वाळांकडं पाहून एकच हिशेब करत होतो. त्या रात्री केळापूरच्या अलीकडं मधूनं मागं कोणाले बसवलं होतं? गाडी त्यानं स्वतःहून थांबवली, का मागून कोणी थांब म्हटलं? अन् थांबल्यावर तो पुढं कोणासोबत चालत गेला? पुतळा तर आम्ही एकच केलता. पण कोणाले विचारू? वहिनी आता रात्री घोरते, शेजारी आमच्या घरापर्यंत आवाज येते. ती झोप मोडायले माहा जीव होत नाही.

अनिमेषनं गाडी विटांवरून उतरवली, टाकी बसवली. सुटीले आला की दिवेलागणीले आईले लोहाऱ्यापर्यंत फिरवून आणते. डायलच्या पांढऱ्या उजेडात मायलेकं दोघं समोर बसलेली लय छान दिसतात. फाटकातून निघताना पोरगं मले हाक मारते, "चला काका, मागं अख्खी सीट रिकामी हाये." मी गुडघे दाखवतो.

कालच गाडी पुसता पुसता विचारत होता, "काका, मागची उजवी काच मी रोज वर करून ठेवतो. सकाळी पाहा तर चार बोटं खाली. तुमचीच मस्करी ना ही?"

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

"मंग कोणाची?" मी म्हटलं, अन् जेवढं हसता येते तेवढं हसलो.