एका बटणाची अडवणूक

“बाकी सगळं आपल्या भाषेत, आणि शेवटचं बटण तेवढं रशियन! घोडा दिला नि लगाम ठेवून घेतला म्हणायचं,” तझागुल आपा रांगेत पुटपुटल्या. टेबलापाशी बसलेल्या पेरिझातने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उझबेकिस्तानातल्या नुकूस शहराच्या सरकारी सेवा केंद्रात तिचं काम एवढंच – ज्यांना वेबसाइटवरचं रशियन किंवा उझबेक उमगत नाही, त्यांना इथल्या कराकल्पाक भाषेतून समजावून अर्ज भरून द्यायचा. आता ती वेबसाइटच कराकल्पाकमध्ये होत होती. त्यासाठी ताश्कंदहून सार्सेन आला होता, मूळचा इथलाच. तो शब्द आणायचा. ती म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची आणि पास-नापास करायची. अर्जाच्या शेवटच्या एका बटणावर घोडं अडलं होतं. ते सुटलं की सार्सेन परत ताश्कंदला.

“‘पाठवा’… आज तरी चालेल?” त्याने विचारलं.

“कोरडं वाटतं.”

“काल म्हणालीस, लाडिक वाटतं.”

“काल तू ते लाडिकपणे म्हटलंस.”

“मग तूच सुचव की –”

“विचार करतेय…” पेरिझातने पियालीत दोन घोट चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला. बाहेर आटलेल्या समुद्रावरून येणारा खारट धुळीचा वारा दारं आपटत होता. पियाली घेताना त्याची बोटं तिच्या बोटांपाशी जरा जास्तच रेंगाळली.

अख्ख्या रांगेला अचानक छत बघण्यासारखं वाटू लागलं.

आपांना मात्र राहवेना. “पोरी, पेन्शनच्या कामाला तिकडे दूर मुइनाकहून बसने येते मी. ते बटण झालं, तर घरबसल्या फोनवर उरकेन. आपल्यात नको झालेल्या पाहुण्याला काठोकाठ चहा देतात, हव्याशा माणसाला दोन घोट… पुन्हा पुन्हा मागावा म्हणून. मी येते तेव्हा याच्या पियालीत दोनच घोट! तुमच्या प्रेमापायी माझे गुडघे का झिजावेत?”

रांग खो खो हसली. पेरिझात हसली नाही. तिची नजर आपांच्या गुडघ्यांवर खिळली, मग खाली गेली.

“‘पाठवा’ चालेल,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीही चाललं असतं.”

तिने किटली उचलली आणि त्याची पियाली भरायला घेतली. अर्धी… पाऊण… काठाशी येता येता तिचा हात थांबला.

“जाऊ नकोस, सार्सेन.”