राणीचं कव्हर

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. नाहीतर गुडघ्याला तेल लावून मी कधीच झोपलो असतो. मध्ये कोणी 'पण लॉजिकली काका' म्हणालं, तर उठून जाईन. चौथी नापास माणूस आहे मी. आणि हो, यातला राजाराम म्हणजे मीच. पण 'मी असा, मी तसा' करणाऱ्यांचा मला कंटाळा आहे, म्हणून त्याला राजारामच म्हणणार. दिवा जरा इकडे सरकवा.

तर त्या शनिवारी दुपारी राजाराम बीव्हर्टनच्या इंडियन दुकानात कॅरमसाठी बोरिक पावडर शोधत होता. मॉरिसव्हिलहून, मुलाच्या घरून, तो विमानानं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगॉनला आला होता, कारण त्याचा दोस्त जगन्नाथ रामटेके त्या संध्याकाळी मरणार होता.

मरणार म्हणजे ठरवून. पोटातला कॅन्सर हाडांत उतरला होता. तिथं तसा कायदा आहे. दोन डॉक्टर खात्री करतात, मग औषधाचा पेला माणसानं आपल्याच हातानं उचलायचा. जगन्नाथनं दिवस निवडला, जेवण निवडलं, आणि राजारामशी कॅरमचा शेवटचा एक बोर्ड मागितला.

राजारामला बोर्ड नको होता. त्याला माफी हवी होती.

दोघं रेल्वेत होते, नागपूरकडे. तरुणपणी एका तिन्हीसांजेला राजारामनं फाटकातून बैलगाडी जाताना पाहिली. गाडी होती, गाडीवान होता, बैल नव्हते. त्यानं ते सांगितलं आणि जगन्नाथनं अख्ख्या कॉलनीसमोर त्याला 'फेकाड्या' म्हटलं. नाव असं चिकटलं की लग्नात नवरीकडच्या बायकाही विचारत होत्या, "फेकाड्या म्हणतात तो हाच का?"

दुकानात पावडर संपली होती. जगन्नाथची नात अनया बरोबर होती. ती म्हणाली, "राइस फ्लोअर चालेल ना, आजोबा?"

"चालतंय. सोंगट्या सरकल्या म्हणजे झालं."

तांदळाच्या पिठाचा पुडा हातात घेताना राजारामला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण राहून गेलं.

घरात तर्रीचा झणझणीत वास, संत्रा बर्फीची ताटं, आणि हसणं. जगन्नाथ खुर्चीत उशांना टेकून बसला होता, वाळलेल्या शेंगेसारखा.

"आला का फेकाड्या?"

"मेला नाहीस अजून?"

"तुझ्यासाठीच थांबलोय, राज्या."

"भांडा, भांडा," रत्नावहिनी म्हणाल्या. "तेवढीच यांना भूक लागते."

बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती तेवत होती. तिच्याशेजारीच बोर्ड मांडला, तांदळाचं पीठ भुरभुरलं. पांढऱ्या सोंगट्या जगन्नाथच्या. रेल्वेचे डबे जोडताना चेचलेलं त्याचं बोट कायमचं वाकडं होतं, आणि त्याच बोटानं तो मारायचा. मारण्याआधी स्ट्रायकर दोनदा आपटायचा. टक, टक.

"जग्या, बैलगाडीबद्दल माफी माग," राजाराम म्हणाला. "आता तरी."

"आत्मा नाही, भूत नाही. दिवा विझला की विझला." जगन्नाथ हसला. "मी परत आलो तर मागेन माफी. मंजूर?"

"मंजूर!"

टक, टक. लाल राणी पॉकेटमध्ये! पोरंटोरं ओरडली. तेवढ्यात मुलगी उपासना पेला घेऊन आली.

"बाबा, नको वाटत असेल तर अजूनही कॅन्सल करू. मी डॉक्टरांना फोन करते."

"राणी घेतलीय बेटा मी. असा डाव सोडून कोणी मागं फिरतं का?"

"कव्हर कुठं घेतलंस?" राजाराम गरजला. राणीपाठोपाठ आपली एक सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत मध्ये. "ती राणी तुझी नाही!"

"कव्हर नंतर घेतो."

"नंतर कधी, गाढवा?"

घर हसलं. रत्नावहिनी डोळ्याला पदर लावून हसत होत्या, आणि मग नुसताच पदर राहिला.

सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. जगन्नाथही म्हणत होता. मग त्यानं पेला स्वतः उचलला, प्याला, तोंड वाकडं केलं. "रत्ना, तुझ्या कारल्याहून कडू!" उपासनाच्या मांडीवर हात ठेवून तो झोपला, आणि बाहेर ऊन असतानाच गेला.

देह न्यायला गाडी आली, तेव्हा सगळे अंगणात उभे होते. राजाराम चष्मा आणायला एकटाच आत वळला. घर गार पडलं होतं. मेणाचा वास... आणि त्याखाली जगन्नाथच्या निलगिरी तेलाचा.

टक... टक...

मग खट्. जाळीत सोंगटी पडल्याचा आवाज.

राजाराम बोर्डाकडे वळला. आता आठवलं... पुडा हातात घेताना राहून गेलेलं. मयताच्या घरी तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, मग पिठात काय उमटलं त्यावरून मेलेला परत आला का ते बघायचं. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर जगन्नाथनं सख्ख्या चुलतीच्या घरातलं तसलं पीठ लाथेनं उडवलं होतं. आणि आज त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांदेखत...

राणी जाळीतच होती. तिच्यावर एक पांढरी सोंगटी. पिठात एक सरळ रेघ, आणि रेघेच्या टोकाला वाकड्या बोटाचा ठसा.

मागं सगळे येऊन उभे राहिले. "वी वेअर ऑल आउटसाइड," अनया पुटपुटली. उपासना ठशाकडे बघत राहिली. वहिनी खाली वाकल्या, आणि एकदम खुदकन हसल्या.

"कव्हर घेतलं की यांनी!"

मग उपासनाही हसली, रडत रडत. त्या रात्री कोणी पीठ पुसलं नाही.

वहिनींनी तो बोर्ड राजारामला दिला. मॉरिसव्हिलला त्यानं तो ओल्या फडक्यानं पुसून भिंतीशी उभा केलाय. पण सकाळी बोर्डाखाली चिमूटभर तांदळाचं पीठ असतं. आमच्या घरात तांदळाचं पीठ आणतच नाहीत. सून गव्हाचंही आणत नाही, तिला सोसत नाही.

आणि तिन्हीसांजेला टक, टक. मी विचारतो, "माफीचं काय?" की गप्प. बोर्ड जिंकायला येतो, पैज हरला ते कबूल करत नाही. मी रोज बसतो तिथं, खुर्ची टाकून. पहिल्यापेक्षा आवाज जवळून येतो आता. येऊ दे. शब्द दिलाय त्यानं मला... जगन्नाथ रामटेकेनं.