निम्म्या गोळ्या तुह्या

धडकलो आम्ही दवाखान्याच्या दारातच. माझ्या हातातली बाटली पडली, त्याच्याही हातातली पडली, झाकणं सुटली आणि साठ पांढऱ्या गोळ्या फरशीवर घरंगळत एकमेकींत मिसळून गेल्या.

"बाप्पा! डोळे घरी ठेवून आला का?" मी ओरडले.

"आनले होते," तो गुडघ्यांवर बसत म्हणाला, "पन ते तुह्याकडेच पाहून राहिले होते... म्हनून तं धडकलो."

असा हा निकेश. सानगडीचा, तलावात मासे अन् शिंगाडे काढणाऱ्या घरातला. मी डिंपल, कोंढ्याची. शिलाई मशीन चालवते आणि तोंडही, असं आई म्हणते. दोघांनाही जन्मापासून सिकलसेल. थंडी लागली किंवा जास्त दमलं, की हाडांतून अशी कळ निघते की वैऱ्यालाही नको. त्यावर नवं औषध निघालं होतं आणि तालुक्याच्या दवाखान्यात त्याची चाचणी चालू होती.

"निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पिठाची साधी गोळी," डॉक्टर मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "कोणाला कोणती, ते मलाही माहीत नाही. रोजच्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या."

"साधी कायले देता मग?" मी विचारलं होतं.

"गोळी मिळाली, कोणी विचारपूस केली, तरी माणसाला बरं वाटतं, डिंपल. मग औषधानं किती बरं वाटलं आणि विश्वासानं किती, हे कळणार कसं? म्हणून साधीशी ताडून पाहायचं. आणि रोज वहीत लिहायचं, किती दुखलं."

फरशीवरच्या गोळ्या एकसारख्या. कोणती कोणाची, देव जाणे! सांगितलं तर चाचणीतून नाव कटेल, म्हणून आम्ही गप्प बसलो.

"तीस तुह्या, तीस माह्या," निकेश कुजबुजला. "खरं औषध कोनालेही असो, थोडं थोडं दोघालेही भेटन."

पुढच्या महिन्यापासून मात्र आम्ही मुद्दाम वाटून घेऊ लागलो. दवाखान्यामागच्या बाकावर तो माझ्या तळहातावर एक-एक गोळी ठेवायचा आणि मोजताना मुद्दाम चुकायचा. "तेरा... चौदा... थांब, पुन्हा मोजतो." गधा कुठला! आणि मीही हात मागे घेत नसे.

कार्तिकात एका सकाळी मी अंगणात उन्हात मशीनवर बसले होते. अचानक हात गार पडले. पाहते तर बोटांची टोकं सुरकुतलेली... तासभर पाण्यात असल्यासारखी. नखांना शेवाळाचा वास. मी घाबरून त्यालाच फोन लावला.

"कुठं हायेस?"

"आत्ताच तलावातून निघालो. शिंगाडे काढत होतो. काहून?"

"काही नाही... थंडी वाजते का?"

"नाही ना! तेच तं नवल. अंग कसं कोरडं वाटून राहिलं."

माझ्या अंगावर काटा आला. दुपारपर्यंत माझा उजवा गुडघा भडकला. मग ते नेहमीचंच झालं. तो पाण्यात उतरला, की मी कण्हायची. मी लग्नाचे ब्लाऊज शिवत दिवसभर पायडल मारलं, की संध्याकाळी त्याचा फोन, "आज माह्या पोटऱ्या काहून फाटून राहिल्या?" मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला कळलं तर तो मला सोडून जाईल, एवढी एकच भीती होती. त्याचं काहीतरी माझ्या अंगात आहे, हे मला आवडत होतं हो!

पौषात चाचणी संपली. कोणाला कोणती गोळी होती, त्याची बंद पाकिटं मॅडमनी उघडली. "तुम्हा दोघांनाही साधीच गोळी होती."

निकेशला राहवलं नाही. वाटून खाल्ल्याचं त्यानं सांगून टाकलं. मॅडम भडकल्या. "अरे, या आकड्यांवर उद्या किती लेकरांचं औषध ठरणार! तुमच्या दोन्ही वह्या आता बाद." त्यांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, पेन उचललं... आणि थांबल्या. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"हिचं दुखलं त्या दिवशी तुझं पान कोरं. तुझं दुखलं की हिचं कोरं. दोघांचं एकाच दिवशी... एकदाही नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "विश्वासानं दुखणं कमी होतं, हे मी शिकले आहे. पण दुसऱ्याच्या अंगात जातं?"

निकेश माझ्या वहीतल्या तारखा वाचत होता. सगळे त्याचे पाण्यात उतरण्याचे दिवस. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला.

अकरा दिवस फोन बंद. आणि मला अकरा दिवस काही म्हणता काही दुखलं नाही. आई खूश, मी मात्र रडून रडून अर्धी. दुखत नाही, म्हणजे तो पाण्यात उतरत नाही. की... तो उरलाच नाही?

बाराव्या दिवशी दोन गाड्या बदलून मी सानगडी गाठली. तलावावर अजून धुकं होतं. बांधाच्या पाळीवर निकेश बसला होता, कोरडाठण्ण. समोर शिंगाड्याच्या वेली काळ्या पडून सडत होत्या.

"मेली का जिवंत हाय, हे तरी विचारायचं!" मी फुटलेच.

"मी पान्यात उतरलो का तुले दुखते. माहीत असून कसा उतरू?"

"अन् खाशील काय?"

"करीन मजुरी. पन माहं दुखनं तुह्या अंगात नाही पायजे. जीव हाय माहा तुह्यावर, डिंपल... म्हनून म्हनतो, जाय घरी."

माझं डोकंच फिरलं. इतकं गोड बोलून कोणी घरी पाठवतं का! मी चपला काढल्या, सलवार वर खोचली आणि सरळ तलावात शिरले. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या, गुडघे बुडाले.

"मरशील! निघ बाहेर!"

मला काहीच लागत नव्हतं. पायांखाली जशी उन्हातली रेती. तिकडे पाळीवर निकेशचे दात वाजू लागले. त्यानं दोन्ही गुडघे घट्ट धरले, आणि त्याच्या कोरड्या पँटमधून पाणी ठिबकायला लागलं... थेंब, थेंब.

"थंड हाय ना?" मी विचारलं.

"लय... डिंपल, निघ ना!"

"मंग ऐक. एक दिवस तू उतरशील, एक दिवस मी. कबूल?"

"कबूल, बाई, कबूल!"

"अन् लग्नाचं?" मी आणखी एक पाऊल आत टाकलं.

तो लंगडत, धडपडत पाण्यात शिरला आणि त्यानं माझा हात धरला. "करतो म्हनलं ना!" त्यासरशी थंडी माझ्याही गुडघ्यांतून वर चढली, आणि आम्ही दोघंही कुडकुडत तिथंच उभे राहिलो.