कपाटामागची खुर्ची

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, शेवटच्या कपाटामागे मी दुपारची नमाज पढत होते. पावलं आली… थबकली. सलाम फेरून नमाज संपवली नि पाहिलं, तर माझ्यापुढे एक खुर्ची ठेवलेली — नमाजीच्या समोरून कुणी जाऊ नये म्हणून. ठेवणारा पाठ फिरवून उभा.

"झाली का नमाज?" तो न वळताच म्हणाला. "मले त्या कपाटातलं पुस्तक पायजे होतं."

असा भेटला शारिक. कन्हानचा, कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पुस्तक नेमकं माझ्याच कामाचं निघालं. व्हिक्टोरियन कवींची श्रद्धा आणि त्यांचा संशय एका मुसलमान वाचकाला कसा दिसतो, यावर माझा प्रबंध. मग रोज कँटीनचा चहा, रोज वाद. तो म्हणायचा, तुमचे कवी लय रडतात. मी म्हणायचे, रडणं हीसुद्धा दुआच. त्यावर तो हसायचा, नि बघत राहायचा… पुढे मात्र एक शब्द नाही.

अशातच घरी माझ्यासाठी रिश्ता आला, हैदराबादचं स्थळ. अब्बूंना शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. मी इस्तिखारा केला — अल्लाहकडे योग्य वाट मागायची ती नमाज — आणि स्वप्नात काही दिसेल म्हणून डोळे मिटून पडले. काही दिसलं नाही. पुन्हा केला. नुसती धडधड.

गुरुवारी कँटीनमध्ये शारिकने माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचून परत आणलं. रिश्त्याचं त्याला मीच सांगितलं होतं, तेव्हापासून त्याचा चेहरा उतरलेला.

"इथं तुमी कवीवर रागावल्या," एका ओळीवर बोट ठेवत तो म्हणाला, "काहून, तं तो आभाळाकडून खूण मागून राहिला. तुमीच लिहिलं, इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणं नाही. मागायचं अन् पाऊल टाकायचं." "मंग… तुमचं पाऊल कुठं हाय?"

माझे कान तापले. स्वतःचंच लिहिलेलं मी विसरले होते.

"आणि तुमचं?"

"माहं तं त्या खुर्चीपाशीच अडकलं. भेव वाटते… तुमी नाही म्हणसान, तं हा चहाबी जाईन."

मी कप बशीत ठेवला.

"तुमच्या अम्मीला आमच्याकडे पाठवा," मी म्हणाले. "आजच. अब्बू काय म्हणतील, ते मात्र मला ठाऊक नाही."

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान झाली. कपाटामागे गेले, तर खुर्ची आधीच जागेवर. पलीकडे तो पाठ फिरवून, फोनवर अगदी हळू, अम्मीला आमच्याकडे येण्यासाठी कपड्यांचा हिरवा जोडा काढायला सांगत होता.

मी नमाजची नियत बांधली. छाती अजून धडधडतच होती.