एकशेएक्कावन्न किलोंचा ठसा

मिरजेच्या व्यायामशाळेत त्या सकाळी निलोफर मुजावरनं तळहातांना खडूची पूड चोळली, डाव्या कानाची पाळी ओढली, टाच दोनदा जमिनीवर आपटली आणि वजनं लावलेल्या बारकडे रागानं बघत उभी राहिली. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या राजमती चौगुलेला ते बघवेना. कानाची पाळी ओढायची सवय तिची स्वतःची होती. टाच आपटायचीही तिचीच. निलूला हे कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या मेंदूत उमटवलेलं होतं आणि उमटवायला राजमतीनं स्वतःच होकार दिला होता.

निलूनं बार उचलून खांद्यावर घेतला, श्वास कोंडला आणि एक पाय पुढं, एक मागं टाकत तो डोक्यावर नेला. बार हललासुद्धा नाही.

"राजी, अगं तूच की ही!" आप्पा ओरडले. आप्पा राजमतीचे जुने वस्ताद. ऐंशी उलटली तरी सकाळी व्यायामशाळेत हजर आणि तोंडाला लगाम नाही. "फक्त तुझ्यापेक्षा जरा सफाई हाय पोरीत."

झालं! सकाळीसकाळी नाकाला मिरच्या झोंबल्या.

"असणारच की आप्पा," राजमती म्हणाली. "तिचे गुडघे अजून शाबूत हायत."

राजमतीला सगळी मिरज राजाक्का म्हणते. सुपर हेवी, म्हणजे वजनाला वरची मर्यादाच नसलेल्या शेवटच्या गटात ती खेळायची. या गटातल्या बाईचं दुःख बाकीच्यांना कळायचं नाही. खाऊनखाऊन अंग वाढवायचं, त्या अंगावर मेहनत करायची, आणि मग लग्नाच्या मांडवात बायका पदराआड हसतात ते ऐकून घ्यायचं. "खुर्ची बघून बस गं!" राजाक्का ऐकून घ्यायची, कारण बारसमोर उभी राहिली की हसणारे गप्प व्हायचे. कितीतरी वर्षं ती देशात पहिली होती. आशियाई स्पर्धेत एका किलोनं चौथी आली. एका किलोनं! मग एका सरावात उजवा गुडघा निकामी झाला आणि खेळ संपला. मागं उरला एक राष्ट्रीय विक्रम, क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, एकशेएक्कावन्न किलो. तो अजून कुणी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर राजाक्का त्याच्याच जिवावर मान वर करून बाजारातून चालायची.

अशात पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टर उन्मेष भंडारे तिच्याकडे आले.

"वजन दंडानं उचलतात असं लोकांना वाटतं," ते म्हणाले होते. "पण कुठला स्नायू कधी आवळायचा आणि कधी सोडायचा, याचा हुकूम डोक्याच्या मागच्या भागातला लहान मेंदू देतो. तुमचा लहान मेंदू तो हुकूम बिनचूक देतो. आम्ही तो उतरवून घेतो. त्याला आम्ही ठसा म्हणतो."

पद्धत ऐकायला सोपी होती. राजाक्कानं डोक्यावर टोप चढवून आडवं पडायचं आणि डोळे मिटून मनातल्या मनात वजन उचलायचं. नुसती कल्पना केली तरी लहान मेंदू बरेचसे तेच हुकूम सोडतो. यंत्र ते टिपून घेतं. मग दुसरी खेळाडू गाढ झोपेत असताना तिच्या लहान मेंदूवर अगदी मंद विजेच्या लहरींनी तोच क्रम गिरवायचा. काही रात्रींत तो पक्का होतो आणि सहाएक महिन्यांत पुसट होत जातो, म्हणून पुन्हा उमटवावा लागतो. भारोत्तोलन महासंघानं याला परवानगी दिली होती, आणि ठसा देणारीनंच घेणारीची प्रशिक्षक व्हावं असा नियमही केला होता.

"आणि माझ्या मनातलं बाकीचं?" राजाक्कानं विचारलं होतं.

"ते येत नाही. फक्त हालचाल येते."

राजाक्काला तेव्हा बरं वाटलं होतं. आपली कला मरणार नाही, कुणीतरी पुढं नेईल, असं काहीबाही तिनं पेपरवाल्यांना सांगितलं. फोटोही छापून आला. पण वर्षभर ती रोज सकाळी स्वतःची तारुण्यातली उचल दुसरीच्या अंगात बघत होती, आणि ते अंग दिवसेंदिवस तिच्यापेक्षा चांगलं चाललं होतं. निलू पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण निलू येताना घरचा शीरखुर्मा आणायची, गुडघ्याला तेल चोळून द्यायची. तिच्यावर रागावायलाही जागा नव्हती, आणि त्यानं जळफळाट आणखीच वाढायचा.

राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी ठसा पुन्हा उमटवायला दोघी पुण्याला निघाल्या. गाडीत निलू मांडीवर भडंगाची पुडी घेऊन बसली होती.

"अक्का, औंदा एकशेबावन्न मारू?"

"मार की. तुला कोण नको म्हणतंय?"

निलूनं भडंगाची पुडी तिच्यापुढं धरली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटणार असंल तर एक्कावन्नावरच थांबते. बरोबरी झाली तरी बास हाय मला."

दया! कालपर्यंत बार खांद्यावर नीट घेता न येणारी पोरगी राजमती चौगुलेला तिचाच विक्रम भीक म्हणून परत देत होती! राजाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला कशाला वाईट वाटतंय?" एवढंच ती म्हणाली आणि पुण्यापर्यंत झोपेचं सोंग घेऊन पडली.

टोपाखाली डॉक्टरांनी नेहमीसारखं सांगितलं, "एकशेएक्कावन्नची ती उचल डोळ्यांसमोर आणा. सावकाश. पुन्हापुन्हा." राजाक्कानं डोळे मिटले. फळीचा मंच दिसला, बार दिसला. बार खांद्यावर आला. पण खांदे तिचे नव्हते, निलूचे होते. निलूनं पाय टाकले, बार डोक्यावर गेला, तिथून पुढं कलला आणि धाडकन समोर आदळला. राजाक्काला इतकं बरं वाटलं, की तिनं ते पुन्हा बघितलं. मग आणखी एकदा, अगदी चवीनं. कोपर कुठं ढिलं पडलं, छाती कुठं वाकली, सगळं तिनं नीट पाहिलं. वजन कसं पडतं हे तिच्याइतकं कोण जाणणार?

"सुंदर!" डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "एवढा ठळक ठसा पूर्वी मिळाला नव्हता."

तेव्हाच राजाक्काला घाम फुटला. सांगावं असं तिला वाटलं. पण काय सांगणार? मी मनातल्या मनात पोरीला पाडत होते म्हणून? यंत्राला तेवढं कळत असेल, आपोआप गाळलं जात असेल, अशी तिनं समजूत घातली आणि गप्प बसली.

काही रात्री झोपेत तो ठसा निलूत उमटवून दोघी मिरजेला परतल्या, आणि निलू बदलली. शीरखुर्मा बंद झाला. गुडघ्याचं तेल बंद झालं. हलक्या वजनांना काही बिघडत नव्हतं, आणि स्पर्धा तोंडावर म्हणून आप्पांनी जड वजन लावूच दिलं नाही. पण राजाक्का काही सांगायला गेली, की निलू तोंड फिरवायची. भिंतीवर राजाक्काचं नाव आणि विक्रम रंगवलेला होता, त्याच्याकडे पाठ करून सराव करायची. राजाक्का मनात म्हणाली, चढली पोरगी. डोक्यात हवा गेली.

स्पर्धा नागपूरला होती. पहिला प्रकार, स्नॅच, म्हणजे एका झटक्यात बार थेट डोक्यावर न्यायचा, चांगला झाला. निलू मणिपूरच्या खेळाडूच्या किंचित मागं होती. क्लीन अँड जर्कमध्ये एकशेशेहेचाळीस उचललं की सोनं निश्चित होतं, आणि आशियाई संघातली जागासुद्धा. तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही फसले तर एकूण वजनच धरत नाहीत, खेळाडू बाद होते. स्पर्धा संपली, संघही गेला.

पहिल्या प्रयत्नात बार डोक्यावर गेला, पुढं कलला आणि धाडकन आदळला. पंचांचे लाल दिवे लागले, उचल बाद. सभागृहात "अरेरे" झालं.

दुसऱ्यात कोपर ढिलं पडलं, छाती वाकली आणि बार पुन्हा तसाच पुढं. राजाक्कानं ते ओळखलं. टोपाखाली पाहिलेलं चित्र जसंच्या तसं समोर घडत होतं, एका बोटाचाही फरक नव्हता.

बाकी सगळ्यांचे प्रयत्न संपले होते, त्यामुळं निलूला विसाव्याला दोन मिनिटं होती. ती मागच्या खोलीत येऊन बाकावर बसली.  राजाक्का तिच्यापुढं दुखऱ्या गुडघ्यावर कशीबशी बसली.

"निलू, तुझं काही चुकत नाही. ऐक माझं. टोपाखाली मी तुला बार पाडताना बघितलं. मुद्दाम बघितलं. ते तुझ्यात उतरलंय. बार पुढंच जाणार."

निलूनं खांद्यावरचा टॉवेल खाली फेकला.

"किती वेळा बघितलं?"

"मोजलं नाही. पण मन लावून बघितलं."

"का पण?"

"जळते मी तुझ्यावर. दुसरं काय असणार?"

निलू उठली. चेहरा असा झाला, की आता कानाखाली बसते, असं राजाक्काला वाटलं. बसली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"वजन बदला," निलू म्हणाली.

"कमी करता येत नाही गं आता."

"कमी कोण म्हणतंय? एकशेबावन्न टाका."

"डोकं फिरलंय का तुझं? शेहेचाळीसला सोनं मिळतंय!"

"टाका म्हणते ना!"

वजनाचा आकडा प्रशिक्षकानं हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर टाकायचा असतो. राजाक्काचं बोट पाटीवर थांबलं. शेहेचाळीसच ठेवलं तर निलूचंच भलं होतं, राजाक्काला कुणी नावं ठेवली नसती, आणि वर तिचा विक्रमही वाचत होता. शहाणपण आणि मत्सर पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते, म्हणूनच तिला त्या शहाणपणाची किळस आली. तिनं एकशेबावन्न टाकलं.

निलू मंचावर गेली. कानाची पाळी ओढली नाही, टाच आपटली नाही. खाली वाकून तिनं बार असा ओढला, की जणू कुणाच्या झिंज्या धरल्यात. खांद्यावर घेऊन उठताना तिचे पाय लटपटले. मग तिनं पाय टाकले आणि बार वर फेकला. बार वर गेला, आणि जाणार होता तिकडंच कलला, पुढं. सभागृह ओरडलं. पण या खेपेला निलू त्याला मागं ओढत बसली नाही. तो पुढं जाणार हे तिला माहीत होतं, मग तीच त्याच्या खाली पुढं धावली. एक पाऊल, दोन पावलं, थेट मंचाच्या कडेपर्यंत, आणि तिथं हात ताठ करून उभी राहिली. पंचांचा इशारा झाला. तिन्ही दिवे पांढरे, उचल मान्य.

राजाक्का टाळ्या वाजवत होती आणि रडत होती. आनंदानं रडत होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिचा एकशेएक्कावन्न किलोंचा विक्रम गेला होता.

निलू मागच्या खोलीत परतली, तसे डॉक्टर भंडारेही माणसांतून वाट काढत तिथं आले. त्यांना आनंद मावत नव्हता.

"ही पुढं धावून सावरायची हालचाल तर विलक्षणच आहे! निलोफर, आता पुढचे ठसे तुझे. वेगवेगळ्या राज्यांतल्या पोरी वाट बघतायत. पुढच्या आठवड्यात ये, ताजं आहे तोवर उतरवून घेऊ."

ते फोन लावत बाहेर गेले. पदकासाठी निलूचं नाव पुकारलं जात होतं. निलू जागची हलली नाही. राजाक्काकडे बघत उभी राहिली. त्या नजरेत शीरखुर्मा आणणारी पोरगी कुठं नव्हती.

"अक्का, पुण्याहून आल्यापासून तुम्हाला बघितलं की माझ्या पोटात आग पडते. भिंतीवरचं तुमचं नाव खरवडून काढावं वाटायचं. मला वाटलं, मीच अशी हाय. आज तुम्ही सांगितल्यावर वाटलं, चला, हे तुमचं आलंय, माझं नाही." तिनं तळहातावरची खडूची पूड झटकली. "पण डॉक्टर तर म्हणतात फक्त हालचाल येते. आणि खरं सांगू? आत्ता बार वर गेला तो त्याच आगीवर गेला."

 राजाक्कानं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. तिची आग तिच्यापाशी होती तशीच होती, काडीभरही कमी झालेली नव्हती.

बाहेर पुन्हा नाव पुकारलं. निलू दारापर्यंत गेली आणि वळली.

"सांगा की अक्का. हे तुमचं हाय का माझं? आणि पुढच्या आठवड्यात मी टोपाखाली डोळे मिटले, तर त्या पोरींना काय काय जाईल?"